ऋतुवाङ्मय आणि तारखेची साक्ष

१

ऋतुवर्णनपर वाङ्मयाचा विचार करताना आपल्या समीक्षेने एक गोष्ट नेहमीच गृहीत धरलेली आहे. ती ही की, ऋतू परत येतात. माणसे जातात, राज्ये लयास जातात, भाषा पालटतात. परंतु आषाढात मेघ दाटतो आणि थंडी सरता सरता पळस पेटतो. या पुनरागमनाच्या विश्वासावर ऋतुवर्णनाचा बहुतेक रस उभा आहे. ऋतू परतला आणि प्रियकर परतला नाही, एवढ्याच विसंगतीतून बारामास्यांचे केवढे तरी काव्य भारतातील सर्व भाषांत निर्माण झाले. साहजिकच वर्णिलेली घटना लेखकाने कोणत्या वर्षी आणि कोणत्या दिवशी पाहिली, हा प्रश्न समीक्षकाला कधी महत्त्वाचा वाटला नाही. तारीख ही इतिहासकाराची, फार तर चरित्रकाराची बाब. रसिकाला तिच्याशी काय कर्तव्य, अशीच आपली भूमिका राहिली.

हे गृहीत आता पूर्वीसारखे निर्वेध राहिलेले नाही. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि त्याबरोबर वनस्पतींच्या पालवण्याच्या, फुलण्याच्या व फळण्याच्या वेळा सरकत आहेत. ज्या शास्त्रात वनस्पती व प्राणी यांच्या जीवनातील अशा ऋतुबद्ध घटनांच्या वेळांचा अभ्यास होतो त्यास फिनॉलॉजी असे म्हणतात. हा शब्द शार्ल मोरेन या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये प्रचारात आणला. दिसणे, प्रकट होणे या अर्थाचा ग्रीक धातू त्याच्या मुळाशी आहे. या शास्त्राची मुख्य अडचण अशी की, आजची नोंद कितीही काटेकोर असली तरी तुलनेसाठी जुनी नोंद हाती असल्यावाचून तिला अर्थ येत नाही. बोरीचे झाड आज फुलले, एवढ्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. ते शंभर वर्षांपूर्वी केव्हा फुलत असे हे कळले पाहिजे. अशा जुन्या नोंदींच्या शोधात हे शास्त्रज्ञ वनस्पतिसंग्रहालयांत गेले, शेतकऱ्यांच्या वह्यांकडे गेले, आणि अखेरीस साहित्यिकांच्या रोजनिश्यांपाशी येऊन पोचले.

शास्त्रज्ञांनी केलेल्या साहित्याच्या या वाचनामुळे साहित्यसमीक्षेपुढे कोणता प्रश्न उभा राहतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले ते मात्र माझ्या स्वतःच्याच एका चुकीमुळे. म्हणून प्रथम ती सांगणे योग्य होईल.

२

हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून परतला. १८५४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉल्डन' या ग्रंथात त्याने हा दोन वर्षांहून अधिक असलेला काळ एकाच वर्षात आटवून घेतला आहे, आणि तसे त्याने सांगितलेही आहे. उन्हाळ्यात आरंभ होणारे हे आटीव वर्ष हेमंत-शिशिरातून जाऊन वसंताच्या प्रकरणात परिपूर्ण होते. तळ्यावरचे बर्फ तडकते, आगगाडीच्या रुळांसाठी तोडलेल्या उतारावरची ओली माती वितळून पानांचे आकार घेत खाली ओघळू लागते, आणि मृत भासणारी सृष्टी पुन्हा जिवंत होते. ग्रंथातील अत्यंत भावोत्कट असे हे प्रकरण आहे.

याच प्रकरणात, वाचकाची चित्तवृत्ती उंचावत असताना, थोरो मध्येच एक रुक्ष माहिती देतो. तळे बर्फापासून पूर्णपणे मोकळे केव्हा झाले, याच्या सात वर्षांच्या तारखा त्याने ओळीने दिलेल्या आहेत: १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल, १८५१ मध्ये २८ मार्च, १८५२ मध्ये १८ एप्रिल, १८५३ मध्ये २३ मार्च आणि १८५४ मध्ये ७ एप्रिलच्या सुमारास.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका संकलनासाठी मी या प्रकरणाचे मराठी भाषांतर केले. दुर्गाबाई भागवत यांचे 'वॉल्डनकाठी विचारविहार' (१९६५) हे भाषांतर मराठीत असताना त्या प्रकरणाला पुन्हा हात घालणे हे धाडसच होते. परंतु संकलनासाठी स्वतंत्र भाषांतर हवे होते आणि मीही त्या मोहात पडलो. भाषांतर करताना या सात तारखा मी गाळल्या. गाळण्याची कारणे त्या वेळी मला अगदी निर्विवाद वाटली होती. एक तर त्यांनी गद्याची लय मोडत होती. दुसरे असे की, ज्या वाचकाने जन्मात गोठलेले तळे पाहिलेले नाही त्याला ते कोणत्या तारखेला वितळले याच्याशी काय करावयाचे आहे, असे मी स्वतःस समजावले. संपादकांनी या काटछाटीस हरकत घेतली नाही. एका जाणत्या स्नेह्याने तर हे भाषांतर मुळापेक्षाही प्रवाही झाले आहे अशी शाबासकी दिली, आणि ती मी संतोषाने स्वीकारली.

आज तो परिच्छेद पुन्हा वाचताना ध्यानात येते की, त्या सात तारखांत प्रकरणाचा निम्मा आशय होता. पहिल्या तीन वर्षांत, १८४५ च्या जुलैपासून १८४७ च्या सप्टेंबरपर्यंत, थोरो तळ्याकाठी राहत होता. उरलेल्या चारही वर्षी तो तेथे राहत नव्हता. झोपडी सोडून गेल्यावरही बर्फ केव्हा फुटते हे पाहण्यासाठी तो तळ्यावर येतच राहिला. शेवटची नोंद तर ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी अवघ्या चार महिन्यांची आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने काळ आटवून एक आदर्श वर्ष घडविले, त्याच ग्रंथाच्या उत्कर्षबिंदूवर लेखकाने ते आदर्श वर्ष फोडून खरी वर्षे आत येऊ दिली आहेत. शिवाय या तारखांत २३ मार्चपासून १८ एप्रिलपर्यंत जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर आहे. वसंत येतो हे निश्चित, पण तो केव्हा येईल हे अनिश्चित. आणि म्हणूनच त्याची वाट पाहणे हे कर्म ठरते. हा विचार थोरोने उपदेशाच्या रूपाने न मांडता सात तारखा मांडून व्यक्त केला होता. त्या गाळून मी त्याचा वसंत शाश्वत करून टाकला. शीर्षक मी 'वसंत' असे दिले होतेच. त्या शब्दामागोमाग आपल्याकडचा आम्रमोहोर, कोकिळ, मदन हा सारा परिवार न बोलावता आला, आणि न्यू इंग्लंडमधील एका थंड तळ्याकाठचा चिखल त्याखाली झाकला गेला.

३

'वॉल्डन' प्रसिद्ध झाल्यानंतरच्या थोरोविषयी समीक्षकांचे मत दीर्घकाळ प्रतिकूल होते. त्याच्या निधनानंतर १८६२ मध्ये इमर्सनने जे स्मरणपर भाषण प्रसिद्ध केले त्यात गुणगौरवाबरोबर एक खंतही आहे. ज्याने राष्ट्राच्या मोठ्या कार्याचे नेतृत्व करावयाचे त्याने रानबोरे वेचावयास निघालेल्या मुलांचे पुढारीपण करण्यात समाधान मानले, अशी ती खंत होय. स्वतः थोरोलाही १८५१ च्या सुमारास अशी धास्ती वाटली होती की, आपली दृष्टी बारीकसारीक तपशिलात अडकून संकोच पावते आहे. १८५० नंतरच्या दशकातील त्याची रोजनिशी पाहिली तर या मतास आधार आहे असे प्रथमदर्शनी वाटतेच. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटली, यांच्या नोंदींनी पानेच्या पाने भरलेली आहेत. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्याने या नोंदींचे मोठमोठे तक्तेही आखावयास घेतले होते. कवी मागे पडला आणि टिपणे करणारा कारकून पुढे आला, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. लॉरा डॅसो वॉल्स यांच्या १९९५ च्या ग्रंथासारख्या अभ्यासांनी, थोरोचे विज्ञान आणि त्याचे काव्य हे एकाच दृष्टीचे दोन व्यापार होते असे दाखवून, या मताला धक्का दिला. परंतु त्याहूनही मोठे समर्थन अगदी अनपेक्षित दिशेने आले.

बॉस्टन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे विद्यार्थी एब्राहम मिलर-रशिंग यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात थोरोच्या नोंदी हाती घेतल्या आणि कॉन्कॉर्डच्या त्याच रानांत, त्याच पाणथळींत हिंडून त्याच वनस्पती पुन्हा पाहिल्या. १८५१ ते १८५८ या काळात थोरोने पाचशेहून अधिक जातींच्या फुलण्याच्या तारखा टिपल्या होत्या. त्याच्यामागून आल्फ्रेड हॉस्मर या त्याच गावच्या दुकानदाराने १८७८ मध्ये आणि पुढे १८८८ ते १९०२ अशी सलग वर्षे सातशेहून अधिक जातींच्या नोंदी ठेवल्या. या सर्वांची तुलना करून २००८ मध्ये त्यांनी असे दाखविले की, सर्वत्र आढळणाऱ्या ४३ जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरीने ७ दिवस आधी फुलू लागल्या आहेत. याच अवधीत त्या भागातील तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढले. ही सर्व वाढ जागतिक तापमानवाढीची नव्हे. शेजारच्या बॉस्टन शहराच्या विस्ताराचाही तीत वाटा आहे, हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

सात दिवस ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या आड बराच तपशील दडलेला असतो. उंच वाढणारी ब्लूबेरीची झुडपे थोरोच्या काळी मेच्या मध्यास फुलत. आता ती कित्येक आठवडे आधी फुलतात. काही जातींत मात्र फरक जवळजवळ नाही. हा भेदच पुढे निर्णायक ठरला. ज्या वनस्पतींना आपल्या फुलण्याची वेळ तापमानाप्रमाणे बदलता आली नाही त्यांचीच पीछेहाट अधिक झाली, असे २००८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसून आले. थोरोने पाहिलेल्या जातींपैकी २७ टक्के कॉन्कॉर्डमधून नाहीशा झाल्या आहेत, आणि आणखी ३६ टक्के इतक्या विरळ उरल्या आहेत की त्यांचाही शेवट दूर नाही. रानातील छोट्या फुलझाडांची अडचण तर आणखी वेगळी आहे. माथ्यावरची झाडे पालवून सावली धरण्यापूर्वी जे थोडे दिवस ऊन जमिनीवर पोचते, त्यावर त्यांची वर्षाची पुंजी अवलंबून असते. थोरोच्या काळाच्या मानाने झाडे सुमारे दोन आठवडे आधी पालवू लागली, रानफुले मात्र सुमारे एकच आठवडा आधी जागी होऊ लागली. त्यामुळे उन्हाचा हा अवधी आखडला आहे, असे २०१९ च्या एका अभ्यासातून पुढे आले. म्हणजे ऋतू नुसता अलीकडे सरकला नाही. ज्यांच्या परस्परमेळाला आपण ऋतू हे एकच नाव देत होतो ते घटक एकमेकांपासून निखळू लागले आहेत.

कारकुनी म्हणून हिणवल्या गेलेल्या ज्या पानांमुळे हे कळू शकले, त्यांच्याबद्दलचे आपले वाङ्मयीन मत आता तसेच ठेवता येईल काय? मला वाटते, येणार नाही. मात्र त्याचे कारण ती पाने विज्ञानाच्या उपयोगी पडली एवढेच देणे पुरेसे नाही. त्यांतील दृष्टी मुळातच वाङ्मयीन होती, हे दाखविता आले पाहिजे. त्यासाठी थोडे दूर, जपानकडे जावे लागेल.

४

जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. ओसाका येथील शास्त्रज्ञ आओनो यासुयुकी यांनी सम्राट, दरबारी, मठवासी अशा नाना लोकांच्या रोजनिश्या आणि बखरी चाळून ही मालिका सिद्ध केली. या लोकांपैकी कोणालाही हवामानाचा अभ्यास करावयाचा नव्हता. बहर पाहण्यासाठी लोक जमले, मेजवानी झाली, काव्य रचले गेले, एवढेच ते लिहीत होते. मात्र ते दिवस लिहीत होते. २०२१ मध्ये क्योतोत २६ मार्चला पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या मालिकेत तोपर्यंत इतका लवकर बहर आल्याची नोंद नव्हती. त्याच्या सर्वांत जवळची, केवळ एका दिवसाने मागे असलेली एक नोंद १४०९ ची होती.

या मालिकेपासून समीक्षकाने घ्यावयाचा बोध मर्यादित पण स्पष्ट आहे. चेरीच्या फुलांवर जपानी काव्यात असंख्य संकेत बांधले गेले, आणि त्या संकेतांच्या आश्रयाने फूल पाहण्याचा सोहळा टिकला. सोहळा टिकला म्हणून त्याचा दिवस लिहिला गेला. येथे संकेत आणि साक्ष परस्परविरोधी नाहीत. संकेताने पाहण्याची सवय जिवंत ठेवली आणि रोजनिशीने त्या पाहण्याचा दिवस राखला.

आपल्या परंपरेत या दोहोंचे नाते निराळे आहे, आणि त्याची जाण आपल्या साहित्यशास्त्रास होती, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांचा, म्हणजे कवींच्या रूढ संकेतांचा, विस्ताराने विचार केला. त्यात एक प्रकार असा आहे की, जे प्रत्यक्षात आहे तरी काव्यात बांधावयाचे नाही. वसंतात मालतीचे वर्णन करू नये, चंदनवृक्षाला फुले-फळे दाखवू नयेत, अशोकाला फळ दाखवू नये. राजशेखराला मालती वसंतात फुलते हे माहीत नव्हते असे नव्हे. ती फुलते हे माहीत असूनच कवीने ती टाळावयाची होती. म्हणजे संकेताच्या जगात डोळ्यांना दिसलेली गोष्ट बुद्ध्या दूर ठेवली जाते, आणि शास्त्रकार ते लपवून ठेवीत नाही.

परंतु याच ग्रंथाच्या कालविभागाच्या प्रकरणात राजशेखर दुसरेही काही सांगतो, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक ऋतूच्या चार अवस्था वर्णाव्यात असे तो म्हणतो: संधी, शैशव, प्रौढी आणि अनुवृत्ती. दोन ऋतूंच्या सीमेवरचा काळ हा संधी. ऋतूचा आरंभ हे शैशव. त्याचा भर ही प्रौढी. आणि ऋतू सरल्यावरही त्याच्या खुणा पुढच्या ऋतूत रेंगाळतात ती अनुवृत्ती. ज्याने हे वर्गीकरण केले त्याने ऋतू हा एका ठराविक दिवशी सुरू होणारा कप्पा मानलेला नाही. त्याने झाडे आणि आकाश लक्ष देऊन पाहिली होती. फिनॉलॉजीचा अभ्यासक पहिले फूल, पूर्ण बहर आणि शेवटचे फूल अशा अवस्था निरनिराळ्या नोंदतो, त्याच्याशी या दृष्टीचे नाते जवळचे आहे. आपल्याला निरीक्षणाची भाषा नव्हती असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. भाषा होती, तिला वर्ष आणि दिवस जोडण्याची रीत मात्र पडली नाही.

५

आधुनिक मराठीत ऋतूंकडे संकेताच्या पलीकडे जाऊन पाहणारे पुस्तक म्हणजे दुर्गाबाई भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). 'वॉल्डन'चे मराठी भाषांतर करणाऱ्या लेखिकेनेच ते आधी लिहिले असावे हा निव्वळ योगायोग वाटत नाही. संस्कृत काव्यसंकेत आणि लोकसाहित्य यांची उत्तम जाण असलेल्या लेखिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली झाडे, पाखरे आणि आकाश मराठी गद्यात आणले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याने ते मांडलेले आहे. या पुस्तकाने मराठी वाचकाला वाटेवरच्या झाडाकडे मान वर करून पाहावयास लावले. त्याचे हे ऋण मोठे आहे, आणि पुढे जे म्हणावयाचे आहे त्याने ते उणे होत नाही.

शास्त्रज्ञांनी कॉन्कॉर्डला थोरोची रोजनिशी वापरली तसे 'ऋतुचक्र' वापरता येईल काय, असा प्रश्न मी स्वतःस विचारून पाहिला. येणार नाही. ती एका विशिष्ट वर्षाची रोजनिशी नाही. अनेक वर्षांच्या पाहण्याचे सार महिन्याच्या रूपाने तीत उतरले आहे. शिवाय आपला महिना चांद्र आहे. २०२१ मध्ये चैत्र शुद्ध प्रतिपदा १३ एप्रिलला आली, तर २०२३ मध्ये २२ मार्चला. हा फरक २२ दिवसांचा झाला. एखादे झाड चैत्राच्या आरंभी फुलते असे कोणी लिहिले आणि वर्ष दिले नाही, तर त्या विधानात तीन आठवड्यांची अनिश्चितता शिरते. कॉन्कॉर्डमध्ये दीडशे वर्षांत पडलेला सरासरी फरक मात्र सातच दिवसांचा आहे. ज्या मापाच्या दोन खुणांत तीन आठवड्यांचे अंतर असेल त्याने एका आठवड्याचा बदल कसा मोजावयाचा?

याचा दोष चांद्रमानाला देऊन सुटता येणार नाही. क्योतोच्या जुन्या नोंदीही चांद्रसौर पंचांगातल्याच होत्या. परंतु तेथे वर्ष दिलेले असल्यामुळे त्यांचे रूपांतर करता आले. आपल्या शेतकऱ्याने तर पाऊस तिथीवर कधीच मोजला नाही. तो सूर्याच्या नक्षत्रावर मोजला, आणि मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारासच लागते. त्यातही दीर्घ काळात भर पडणारा एक फरक आहे. आपली निरयन गणना ऋतुचक्रापासून दर बहात्तर वर्षांत सुमारे एक दिवस सरकत जाते. राजशेखरापासून आजपर्यंत हे अंतर पंधरवड्याएवढे वाढले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग-सुधारणा समितीने याच दोषावर बोट ठेवले, आणि २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पंचांगात महिने ऋतूंशी बांधून टाकले. ते पंचांग राजपत्रांत राहिले. साहित्यात आले नाही. तेव्हा जुन्या काव्यातील महिना आणि आजचा महिना यांची तुलना करून हवामान बदलल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. तेथे पंचांगच सरकलेले आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कॉन्कॉर्डचा न्याय आपल्याकडे लावता येत नाही. हा आक्षेप बराचसा खरा आहे. थंड प्रदेशात वसंतातील ऊब ही झाडाला जाग आणणारी मुख्य खूण असते. आपल्याकडे पळस, पांगारा, सावर ही झाडे पानगळीनंतर कोरड्या दिवसांत फुलतात. आंब्याचा मोहोर थंडीची वाट पाहतो. पाऊस, मातीतील ओल आणि दिवसाची लांबी ही सर्व कारणे त्यात मिसळलेली असतात. म्हणून तर आपल्याकडे दीर्घ नोंदींची गरज अधिक आहे. केरळात विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, बहाव्याची फुले लागतात. तीच झाडे सणाच्या पुष्कळ आधी फुललेली आता दिसतात. पण हे पूर्वीही कधीकधी होत असे की ही नवी गोष्ट आहे, हे ठरविण्यास जुने पुरावे तोकडे पडतात. २०१० पासून 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळकरी मुले आणि सामान्य नागरिक देशभर आपापल्या झाडांच्या नोंदी करीत आहेत, त्याचे महत्त्व यात आहे. त्यांच्या नोंदींना खरा अर्थ येण्यास आणखी काही पिढ्या जाव्या लागतील.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. साहित्याचे मूल्य ते विज्ञानाला किती उपयोगी पडते यावर ठरवावयाचे काय? अर्थातच नाही. 'ऋतुचक्रा'त तारखा नाहीत म्हणून ते उणे, असे कोणी म्हणेल तर तो समीक्षेचा विपर्यास होईल. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन लेखकाचे उदाहरण या ठिकाणी उद्बोधक आहे. १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग 'ऋतुचक्रा'प्रमाणेच महिन्यामहिन्याने मांडलेला आहे. पण त्याच माणसाने १९३५ ते १९४५ या वर्षांतील विस्कॉन्सिनच्या ऋतुघटनांच्या तारखा सारा एलिझाबेथ जोन्स यांच्यासह १९४७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या होत्या. एकाच डोळ्याने पाहिलेले त्याने दोन प्रकारांनी लिहिले. २०१३ मध्ये थोरोच्या आणि लिओपोल्डच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा २०१२ च्या अतिउष्ण वसंतात दोन्ही ठिकाणी अनेक रानफुले नोंदींतील कोणत्याही वर्षापेक्षा लवकर फुलली असे आढळले. मराठीत पहिल्या प्रकारचे लेखन आहे आणि उत्तम आहे. दुसरा प्रकार आपण लेखनच मानला नाही.

माझा मुद्दा त्याहूनही पुढचा आहे. तारीख ही वाङ्मयाच्या बाहेरची वस्तू आहे हे गृहीतच तपासले पाहिजे. थोरोने मांडलेल्या सात तारखा हे त्या प्रकरणाचे परिशिष्ट नव्हते. तळ्याशी सात वर्षे राखलेल्या इमानाचे ते रूप होते. एखादी वस्तू आपण प्रेमाने पाहिली याचा पुरावा विशेषणांतच मिळतो असे नाही. ती आपण कोणत्या दिवशी पाहिली हे लक्षात ठेवणे हाही त्याचा पुरावा असतो. घरात मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा आपण तो दिवस विसरत नाही. ऋतू परत येतीलच या विश्वासाच्या काळात दिवस विसरणे क्षम्य होते. आता ज्या क्रमाने ते येत होते तोच क्रम ढळू लागला आहे, आणि प्रत्येक वर्षाचा बहर हा त्या वर्षाचाच बहर आहे. अशा वेळी ऋतुवर्णनात वर्ष लिहिणे हा रसभंग म्हणता येणार नाही. ते वर्णिलेल्या वस्तूचेच एक अंग झाले आहे.

या विचारातून समीक्षकांना आणि संपादकांना एक साधी विनंती कराविशी वाटते. जुन्या लेखकांचे पत्रव्यवहार, रोजनिश्या, प्रवासटिपणे यांचे संपादन करताना हवापाण्याच्या ओळी वाङ्मयबाह्य म्हणून गाळण्याची आपली रीत आहे. परसातल्या आंब्याला मोहोर आला, पहिला पाऊस पडला, कडुनिंब फुलला अशी वाक्ये आणि त्यांच्या शिरोभागी असलेले स्थळ व दिनांक यांना कात्री लावू नये. त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरतील हे मान्य. परंतु कोणती उपयोगी ठरेल हे क्योतोच्या दरबाऱ्यांना ठाऊक नव्हते, तसे ते आपल्यालाही ठाऊक नाही.

आणि ही विनंती इतरांना करण्यापूर्वी स्वतःचे प्रायश्चित्त घेतले पाहिजे. माझ्या त्या भाषांतराची नवी आवृत्ती आता निघावयाची आहे. प्रकरणाचे शीर्षक मी 'वसंत' असेच ठेवले आहे, कारण दुसरा शब्द मला सापडला नाही. त्या शब्दामागून येणाऱ्या परिवाराला आवरण्याचे काम आता त्या सात तारखांनी करावयाचे आहे. त्या मी मुळाबरहुकूम जागच्या जागी घातल्या आहेत. तेथे वाक्याची लय अडखळते. ती तशीच राहू दिली आहे.